कच्चा खर्डा आणि त्याचे वाचक

काम पुरे झाल्याखेरीज ते लोकांपुढे ठेवू नये, असा आपल्याकडील कारागिरांचा जुना दंडक आहे. गोव्यातल्या चित्रशाळेत गणपतीची मूर्ती चतुर्थीच्या कितीतरी दिवस आधी आकाराला येते. परंतु रंग चढून डोळ्यांची रेखणी झाल्याखेरीज ती कोणी घरी नेत नाही. ग्रंथकार आपला कच्चा खर्डा चार जिवलग मित्रांपलीकडे कोणास दाखवीत नाही आणि नाटकमंडळी पहिल्या तालमी दारे लावून करतात. या दंडकाच्या मुळाशी मानापमानाची भावना असते हे खरे. पण अपुऱ्या वस्तूवर विसंबून कोणाचे नुकसान होऊ नये, ही जबाबदारीची जाणीवही तेथे असतेच. असे असता गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एका नव्या कारागिरीने हा दंडक उलटा फिरवला. अपुरे काम त्यातील उणिवांसह जगापुढे ठेवायचे, ते वापरून पाहणाऱ्यांकडून दोष काढून घ्यायचे आणि पुन्हा नवा खर्डा पुढे करायचा, अशी रीत तिने पाडली. ती कारागिरी म्हणजे संगणकाच्या मुक्त आज्ञावलींची, आणि तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे लिनक्स. अँड्रॉइडच्या प्रत्येक मोबाइलमध्ये आज हीच आज्ञावली आहे, आणि नोव्हेंबर २०१७ च्या यादीत तर जगातील पहिल्या ५०० महासंगणकांपैकी प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत असल्याची नोंद झाली. एवढी मोठी इमारत कच्च्या खर्ड्यांवर कशी उभी राहिली, याचा इतिहास मनोरंजक आहे आणि बोधप्रदही आहे.

या रीतीचे मर्म ध्यानी येण्यासाठी एक लहानशी गोष्ट समजून घेतली पाहिजे. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा माणूस लिहितो त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत; त्या लिखाणाला मूळ संहिता म्हणावे. यंत्राला मात्र ही भाषा कळत नाही. म्हणून कंपायलर नावाच्या दुसऱ्या आज्ञावलीकडून त्या संहितेचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करून घ्यावे लागते. या तयार रूपाला बांधणी, किंवा प्रचलित शब्दात बिल्ड, म्हणतात. दुकानात विकत मिळणारे सॉफ्टवेअर बहुधा या दुसऱ्या रूपातच हाती येते आणि मूळ संहिता कंपनीच्या तिजोरीत राहते. मुक्त आज्ञावलीत संहिता सर्वांसाठी खुली असते. ज्याला हवी त्याने ती वाचावी, बदलावी, तिची बांधणी करावी आणि दुसऱ्यास द्यावी.

लिनक्स हा संगणकाच्या कारभाराचा गाभा, म्हणजे कर्नल, आहे. स्मृतीतील जागा कोणाला किती द्यायची, डिस्कवर काय कोठे लिहायचे, कळफलकावरचा शब्द कोणाकडे पोचवायचा, हा सारा कारभार त्याच्याकडे. पत्र लिहिण्याच्या आज्ञावलीत दोष असला तर फार तर एक पत्र बिघडते; कर्नलमध्ये दोष असला तर सबंध डिस्कवरचे वर्षानुवर्षांचे लिखाण क्षणात नाहीसे होऊ शकते. तेव्हा अशा गाभ्याचा कच्चा खर्डा लोकांच्या हाती देणे हे साधे धाडस नव्हते, आणि तो आपल्या संगणकावर चालवून पाहणे हे तर त्याहून नव्हते.

१९९१ च्या जानेवारीत हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने इंटेलच्या ३८६ जातीच्या चिपवर चालणारा संगणक हप्त्यांनी विकत घेतला. विद्यापीठातील मोठ्या यंत्रांवर चालणारी युनिक्स ही कार्यप्रणाली त्याला आवडली होती. पण विद्यार्थ्याच्या खिशाला तिची किंमत परवडणारी नव्हती. आम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्रू टॅनेनबाउम यांनी १९८७ साली विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी मिनिक्स नावाची लहानशी प्रणाली रचली होती, ती टोरवाल्ड्सने घेतली. मिनिक्सची संहिता वाचता येत असे. मात्र तिच्यात सुधारणा करून ती सुधारलेली प्रत वाटण्याची मोकळीक नव्हती, आणि शिकविण्याच्या सोयीसाठी ती लहान व सुबोधच राहावी असा टॅनेनबाउम यांचा आग्रह होता. त्यात अयोग्य काहीच नव्हते. शिक्षकाची गरज वेगळी आणि वापरणाऱ्याची वेगळी, एवढाच त्याचा अर्थ.

टोरवाल्ड्सने आरंभी घरून विद्यापीठाच्या यंत्राशी दूरध्वनीवरून संपर्क साधण्यासाठी एक छोटी आज्ञावली लिहिली. मग तिला डिस्कवर लिहिता यावे म्हणून एक भाग जोडला, मग आणखी एक, आणि पाहता पाहता तिला कार्यप्रणालीचे रूप येऊ लागले. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्या मंडळींना उद्देशून एक छोटेसे निवेदन प्रसिद्ध केले. आपण केवळ छंद म्हणून एक प्रणाली रचीत आहोत, ती फार मोठी होण्याचा संभव नाही, आणि मिनिक्समध्ये आपणांस काय आवडते व काय आवडत नाही ते कळवावे, असा त्या निवेदनाचा आशय होता. काम अजून कोणाला दाखविण्याजोगे झालेले नसताना त्याने लोकांचे मत विचारले, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सप्टेंबरमध्ये पहिला खर्डा सिद्ध झाला. त्याला त्याने ०.०१ असा क्रमांक दिला. पूर्ण आवृत्तीला १.० म्हणावयाचे, तर हा तिचा शंभरावा हिस्सा होय, अशी कबुलीच त्या आकड्यात होती. संहिता सुमारे दहा हजार ओळींची होती. ती केवळ ३८६ वर चालत असे, कळफलक फिनलंडचा असेल तरच अक्षरे नीट उमटत, आणि तिची बांधणी करावयाची तर संगणकावर आधी मिनिक्स असावे लागे. ही प्रत ठेवण्यासाठी फिनलंडमधील विद्यापीठांच्या जाळ्यावर जागा दिली आरी लेम्के यांनी. टोरवाल्ड्सने मनात योजलेले ‘फ्रीक्स’ हे नाव लेम्के यांना रुचले नाही. त्यांनी त्या कप्प्याला ‘लिनक्स’ असे नाव देऊन टाकले आणि तेच पुढे रूढ झाले. या पहिल्या खर्ड्याचा गाजावाजा झाला नाही. चार-दोन परिचितांना कळविले गेले, इतकेच. जाहीर निमंत्रण गेले ते ५ ऑक्टोबर १९९१ रोजी, ०.०२ या आवृत्तीबरोबर.

या कच्च्या कामाचा पहिला फटका स्वतः कर्त्यालाच बसला. त्याच वर्षी पुढे टोरवाल्ड्सच्या हातून एक चूक झाली. दूरध्वनीचा क्रमांक फिरविण्याची आज्ञा मोडेमकडे जावयाची, ती डिस्ककडे गेली, आणि डिस्कवरील मिनिक्सचा विभाग बिघडून गेला. मिनिक्स पुन्हा बसवावे की आपल्याच अपुऱ्या प्रणालीवर राहावे, असा प्रश्न उभा राहिला. त्याने दुसरा मार्ग पत्करला. स्वतःच्या स्वयंपाकावर स्वतःच जेवायचे ठरले म्हणजे मिठाचे प्रमाण लवकर सुधारते.

या रीतीची खरी फलश्रुती मात्र वर्षअखेरीस दिसली. जर्मनीतील एका वापरकर्त्याच्या संगणकाला अवघी दोन मेगाबाइट स्मृती होती आणि तेवढ्यात कंपायलर मावत नव्हता. त्याने कमी जागेत चालणारा कंपायलर मागितला. टोरवाल्ड्सच्या यंत्राला स्मृती पुरेशी असल्याने ही अडचण त्याला स्वतःला कधी जाणवलीच नव्हती. त्याने नाताळच्या दिवसांत बसून निराळाच उपाय केला: स्मृती अपुरी पडली की तिच्यातील काही पाने तात्पुरती डिस्कवर नेऊन ठेवायची आणि लागतील तेव्हा परत आणायची. १९९२ च्या जानेवारीत ०.१२ या आवृत्तीतून ही सोय सर्वांना मिळाली. ती मिनिक्समध्ये नव्हती, आणि तिच्यामुळे पुष्कळ मंडळी लिनक्सकडे वळली. कर्त्याने आपली प्रणाली पूर्ण होईपर्यंत झाकून ठेवली असती तर दोन मेगाबाइटवाल्याची गरज त्याला कोणी सांगितली असती? डिस्कवर पाने नेऊन ठेवण्याची ही सोय श्रोत्यांनी मनात ठेवावी. तीस वर्षांनंतर तिची गाठ पुन्हा पडणार आहे.

परवान्याचा बदलही वापरणाऱ्यांच्याच सांगण्याने झाला. आरंभीच्या परवान्यानुसार लिनक्सच्या प्रती देताना कोणी पैसे घेऊ नयेत असा निर्बंध होता. परंतु फ्लॉपीवर प्रती करून वाटणाऱ्यांना फ्लॉपीचा खर्च तरी निघावयास हवा होता. तेव्हा त्याच ०.१२ आवृत्तीबरोबर रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू चळवळीचा सार्वजनिक परवाना स्वीकारल्याचे जाहीर झाले आणि १९९२ च्या फेब्रुवारीपासून तो लागू झाला. प्रती विकण्यास त्याने मुभा दिली. अट एवढीच की, सुधारलेली प्रत देणाऱ्याने तिची संहिताही घेणाऱ्यास द्यावी. ज्याने दोष दुरुस्त केला त्याची दुरुस्ती सर्वांच्या उपयोगी पडावी, याची ही तरतूद होती.

आकड्यांच्या बाबतीत मात्र टोरवाल्ड्सचा अंदाज चुकला. १९९२ च्या मार्चमध्ये त्याने ०.१२ नंतर एकदम ०.९५ हा क्रमांक घेतला, १.० आता हाकेच्या अंतरावर आहे, असे त्याला वाटले. प्रत्यक्षात ते अंतर तोडावयास दोन वर्षे लागली. संगणक जाळ्याला जोडण्याचा भाग फार त्रासाचा निघाला. ०.९६, ०.९७, ०.९८ झाले, ०.९९ आले आणि तेथे गाडी अडली, ०.९९ च्याच पंधरा सुधारित प्रती काढाव्या लागल्या. अखेरीस १४ मार्च १९९४ रोजी हेलसिंकी विद्यापीठात १.० प्रसिद्ध झाली तेव्हा संहिता १,७६,२५० ओळींवर गेली होती. दोन वर्षे ‘जवळजवळ पुरे’ असे म्हणत राहण्यात नामुष्की आहे, असे एखाद्या कंपनीला वाटले असते. येथे प्रत्येक खर्ड्याबरोबर वापरणारे वाढत होते आणि वापरणारांतूनच लिहिणारे तयार होत होते.

याच काळात अमेरिकेत घडलेली एक समांतर कथा याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. विल्यम आणि लिन जोलिट्झ या दांपत्याने बर्कले विद्यापीठातील युनिक्स ३८६ संगणकावर आणले. १९९२ च्या मार्चमध्ये त्यांची पहिली प्रत निघाली आणि १४ जुलै १९९२ रोजी ३८६बीएसडी ०.१ ही आवृत्ती आली. तिचे कूळ लिनक्सपेक्षा कितीतरी थोर होते. लोकांनी ती हौसेने घेतली, दोष शोधले, दुरुस्त्याही पाठविल्या. पण पुढची आवृत्ती लवकर निघेना. तेव्हा वापरणाऱ्यांनीच आपल्या दुरुस्त्यांची गाठोडी बांधून एकमेकांना देण्यास आरंभ केला. संगणकाच्या व्यवहारात दुरुस्तीला पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात. मूळ वस्त्रापेक्षा ठिगळेच अधिक अशी अवस्था येऊ लागली. शेवटी १९९३ मध्ये त्या मंडळींतून नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी असे दोन स्वतंत्र प्रकल्प निघाले. या शाखेच्या मागे राहण्याला एकच कारण होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. बर्कलेच्या संहितेवर १९९२ साली युनिक्सच्या मालकांनी खटला भरला होता आणि १९९४ मध्ये तडजोड होईपर्यंत तिच्यावर संशयाचे सावट होते. तरीही एक धडा स्पष्ट आहे. कच्चे काम लोकांना दिले म्हणजे अर्धेच काम झाले. त्यांच्याकडून आलेले घेऊन पुढचा खर्डा वेळेवर काढणे हे उरलेले अर्धे होय. दारे उघडी ठेवून आतून उत्तर न आले तर पाहुणे दुसरीकडे घर बांधतात.

१.० नंतर लिनक्सपुढे नवा प्रश्न आला. आता छांदिष्टांखेरीज कामाची माणसेही तिच्यावर विसंबू लागली होती. त्यांना रोज बदलणारा गाभा नको होता. म्हणून क्रमांकांचा एक सोपा संकेत ठरला. मधला आकडा सम असेल तर आवृत्ती स्थिर, विषम असेल तर कच्ची. १.१ कच्ची, १.२ स्थिर, २.१ कच्ची, २.२ स्थिर. कोणती प्रत कोणी घ्यावी हे नावावरूनच कळावे, अशी ही प्रामाणिक पाटी होती. या पाटीचा फायदा मोठा होता. पण कालांतराने तिचे दोषही दिसू लागले. २.१ या कच्च्या मालिकेच्या १३२ प्रती निघाल्या आणि तिच्यातून २.२ ही स्थिर आवृत्ती १९९९ च्या जानेवारीत बाहेर पडेपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ लोटला. तोवर बाजारात आलेल्या नव्या उपकरणांसाठी लोकांनी किती थांबावे? शिवाय स्थिर प्रत हाती असताना कच्ची प्रत चालवून पाहणारे थोडेच, आणि ज्या खर्ड्याला वाचक नाहीत त्यातील चुका छापून आल्यावरच दिसतात.

दरम्यान या रीतीला एक भाष्यकार लाभला. एरिक रेमंड यांनी १९९७ च्या मे महिन्यात जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथील परिषदेत एक निबंध वाचला. त्यात त्यांनी मोजक्या पुरोहितांनी शांतपणे उभारलेले कॅथेड्रल आणि गजबजलेला बाजार अशी दोन चित्रे रंगविली. लवकर प्रसिद्ध करा, वारंवार प्रसिद्ध करा आणि वापरणाऱ्यांचे ऐका. पाहणारे डोळे पुरेसे असतील तर कोणताही दोष फार काळ लपत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९९८ च्या जानेवारीत नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची संहिता खुली करण्याचे जाहीर केले, त्या निर्णयावर या निबंधाचा प्रभाव होता. ‘ओपन सोर्स’ हे नावही त्याच वर्षीचे.

रेमंड यांचा सिद्धांत आकर्षक होता, पण तो जसाच्या तसा खरा मानणे धोक्याचे ठरले. ओपनएसएसएल ही गुप्त संदेशवहनाची मुक्त आज्ञावली. तिच्या १.०.१ या आवृत्तीत २०१२ च्या मार्चमध्ये एक दोष शिरला. संहिता सर्वांसाठी खुली होती, आणि तरीही ‘हार्टब्लीड’ या नावाने तो उघड व्हावयास एप्रिल २०१४ उजाडला. तोवर जगातील असंख्य सर्व्हरांवर ती आवृत्ती बसली होती. पाहता येणे वेगळे आणि प्रत्यक्ष पाहणे वेगळे. ग्रंथालयात पुस्तक सर्वांसाठी ठेवलेले असते, म्हणून ते सर्वांनी वाचलेले असते असे नाही. कच्च्या खर्ड्याचा लाभ होतो तो वाचणारा खरोखर वाचील तेव्हाच, आणि कर्णोपकर्णी तक्रार न करता कर्त्यापर्यंत पोचवील तेव्हाच.

लिनक्सलाही हा धडा स्वतःच्या अंगावर शिकावा लागला. २००१ चा हिवाळा त्या दृष्टीने वाईट गेला. ऑक्टोबरमध्ये २.४.११ ही आवृत्ती निघताच तीत असा दोष सापडला की, तिच्या नावालाच ‘वापरू नका’ असे शेपूट जोडावे लागले आणि लगोलग पुढची प्रत काढावी लागली. नोव्हेंबरच्या अखेरीस त्याहून गंभीर घटना घडली. २.४.१५ ही आवृत्ती, आणि क्रमांक सम म्हणजे स्थिर, प्रसिद्ध झाली. पण तिच्यावर चालणारा संगणक बंद करताना डिस्कवरील नोंदी बिघडण्याचा संभव होता. ज्यांनी पाटी वाचून विश्वासाने ती घेतली त्यांच्या माहितीवरच घाला आला. दोष शिरला होता तो शेवटच्या काही दिवसांत झालेल्या बदलातून, म्हणजे ज्याची पुरेशी परीक्षा होण्यास वेळच नव्हता अशा बदलातून. काही दिवसांतच २.४.१६ ही दुरुस्त प्रत निघाली आणि ती काढली ब्राझीलच्या मार्सेलो टोसाटी या तरुणाने, ज्याच्याकडे २.४ या मालिकेची जबाबदारी त्याच सुमारास आली होती.

यातून जी शिस्त आली तिला आपल्या रंगभूमीवर फार जुना शब्द आहे: रंगीत तालीम. साध्या तालमीत नट अडखळला तर थांबून संवाद बदलता येतो. रंगीत तालमीत पोशाख, पडदे, साथसंगत सारे खऱ्या प्रयोगासारखे असते, आणि तेथे नवा प्रवेश घालायचा नसतो. संगणकाच्या व्यवहारात अशा प्रतीला रिलीज कँडिडेट, थोडक्यात आरसी, म्हणतात. हीच प्रत निर्दोष ठरली तर तीच अंतिम, असा तिचा अर्थ.

२००४ पासून लिनक्सने सम-विषमचा संकेत सोडून दिला आणि पुढील वर्षी नवी घडी बसविली. २००५ च्या एप्रिलमध्ये टोरवाल्ड्सने हजारो लोकांच्या दुरुस्त्या एकत्र सांभाळण्यासाठी गिट नावाची आज्ञावली लिहिली. त्याच वर्षापासून असा क्रम पडला: नवी आवृत्ती निघाली की पहिले दोन आठवडे पुढच्या आवृत्तीसाठी नवे काम स्वीकारायचे, मग दार लावून आरसी-१ काढायची, त्यानंतर बहुधा दर रविवारी एक याप्रमाणे सात-आठ आरसी काढायच्या आणि त्यांत केवळ दुरुस्त्या घ्यायच्या. नऊ-दहा आठवड्यांत अंतिम आवृत्ती बाहेर. वर्षानुवर्षे चालणाऱ्या कच्च्या मालिकेच्या जागी ठरल्या मुदतीचा खर्डा आला. त्याच्याही आधी निरनिराळ्या लोकांचे काम एकमेकांत नीट बसते की नाही, हे पाहण्यासाठी २००८ च्या फेब्रुवारीपासून ऑस्ट्रेलियातील स्टीफन रॉथवेल यांनी ‘लिनक्स-नेक्स्ट’ नावाची एकत्रित प्रत काढण्यास आरंभ केला.

इतकी शिस्त असूनही दैव परीक्षा पाहतेच. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी ५.१२ ची आरसी-१ प्रसिद्ध झाली. स्मृतीतील पाने डिस्कवर नेऊन ठेवण्याची जी सोय १९९१ च्या नाताळात जर्मनीतल्या त्या वापरकर्त्यासाठी केली होती, तिच्याच कामात दोष शिरला होता. ही पाने ठेवण्यासाठी कोणी डिस्कवर स्वतंत्र विभाग राखतो, तर कोणी इतर फायलींच्या शेजारीच एक फाइल राखून ठेवतो. या दुसऱ्या प्रकारात फाइल कोठे सुरू होते याचा हिशेब सुटला आणि पाने भलत्याच जागी, म्हणजे लोकांच्या खऱ्या माहितीवर, लिहिली जाऊ लागली. शेजाऱ्याच्या कोठारात धान्य ठेवावयास सांगावे आणि गड्याने ते देवघरातल्या पोथ्यांवर ओतावे, तसा हा प्रकार. तीन दिवसांत टोरवाल्ड्सने जाहीर इशारा दिला, त्या प्रतीला पुन्हा ‘वापरू नका’ असे नाव दिले, आणि रविवारची वाट न पाहता शुक्रवारी, ५ मार्चला, आरसी-२ काढली. अंतिम ५.१२ आवृत्ती २५ एप्रिलला निघाली तेव्हा तिच्यात तो दोष नव्हता.

२००१ आणि २०२१ या दोन घटनांतील फरकच या साऱ्या इतिहासाचे सार सांगतो. दोष दोन्ही वेळा डिस्कवरची माहिती बिघडविणाराच होता. पहिल्या वेळी तो स्थिर म्हणून दिलेल्या प्रतीत होता. दुसऱ्या वेळी तो कच्ची अशी पाटी लावलेल्या प्रतीत होता आणि पाटी वाचून, सावधपणे, ती चालविणाऱ्यांच्या संगणकांवरच अडला. ज्या काहींचे त्यात नुकसान झाले त्यांनी ते पुढच्या कोट्यवधींच्या वतीने सोसले, असे म्हणावयास हरकत नाही.

म्हणूनच कच्चा खर्डा देणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर काही कर्तव्ये येतात. देणाऱ्याने पाटी खरी लावली पाहिजे. डेबियन या संस्थेने तर आपल्या अस्थिर शाखेला ‘सिड’ हे नाव दिले आहे. ‘टॉय स्टोरी’ चित्रपटात खेळणी मोडणारा जो खट्याळ मुलगा आहे त्याचे हे नाव, तेव्हा सावधगिरीची सूचना नावातच आली. चूक कळताच ती न लपविता सांगणे आणि कळविणाऱ्याचे नाव नोंदविणे, हेही देणाऱ्याचेच काम. घेणाऱ्याने आपल्या माहितीची दुसरी प्रत आधी सुरक्षित ठेवावी. काय केले, काय व्हावयास हवे होते आणि काय झाले, हे तीन मुद्दे नेमके लिहावेत. ‘चालत नाही’ या दोन शब्दांच्या तक्रारीने कोणाचेच भले होत नाही.

या व्यवहारात मराठी वाचकाचा संबंध काय, असे कोणास वाटेल. उत्तर एका अक्षरात देता येते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द आपणांस भिन्न आहेत. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातील घळी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत तर मठ आणि मुदपाकखाना एवढे अंतर आहे. रफार आणि अर्धा ऱ यांतील हा भेद हिंदीच्या वाचकाला ओळखीचा नसतो, मग हेलसिंकीच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या कारागिराला तो कोठून ठाऊक असणार? युनिकोडने ऱ या अक्षराला स्वतंत्र स्थान दिले आहे. परंतु पडद्यावर आणि कागदावर ते योग्य रूपात उमटते की नाही, हे पाहणारा डोळा मराठीच हवा. तो बेळगावात, इंदुरात, बडोद्यात किंवा हैदराबादेत कोठेही असू शकतो. अंतिम आवृत्ती निघाल्यावर हळहळण्यापेक्षा कच्च्या प्रतीतच ही चूक दाखवून देणे सोपे असते, आणि मुक्त आज्ञावलीत तो मार्ग कोणासही मोकळा असतो.

चित्रशाळेतील मूर्तिकार डोळे शेवटी रेखतो, कारण एकदा रेखलेली नजर पुसता येत नाही. संगणकाची संहिता मात्र पुन्हा पुन्हा पुसता येते, सुधारता येते, आणि ज्याला ती पुसावयाची आहे त्याला ती आधी पाहावयास मिळावी लागते. दोन मेगाबाइटच्या संगणकावर अडलेल्या त्या जर्मन माणसाने १९९१ च्या डिसेंबरात हेलसिंकीला आपली अडचण कळविली, आणि त्या दोघांची एकमेकांशी तोंडओळखही नसता नाताळ संपण्याच्या आत तिचे उत्तर तयार झाले होते.